सुपरहिरोला गायला लावलं म्हणून सिनेमा पडला? मूळ पोस्टला उत्तर

बाकड्यावरचा (पेडणे)
निवांत म्हापसेकर यांनी काल 'द रिटर्न ऑफ कॅप्टन इन्व्हिन्सिबल' (१९८३) या सिनेमावर चार ओळी खरडल्या: "दारुडा सुपरहिरो, त्यात गाणी. उडणाऱ्या माणसाने गायचं नसतं. गायला लागला की तो विदूषक होतो." खाली लोकांनी माना डोलावल्या. पेडण्याच्या शेजारच्या तालुक्यात राहून हे लिहावं? आमच्या दशावतारात विष्णू गातो, भीम गातो, राक्षस मरायच्या आधी पद म्हणतो आणि मग पडतो. आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, वेद चोरणारा काळ्या वेशातला संकासूर लोकांची टर उडवतो, तरी वध होताना कोणी म्हणत नाही की हा विदूषक होता, याला मारून काय उपयोग. दैवी ताकद आणि गाणं यांचं भांडण आपल्याकडे कधी नव्हतंच.

आता सिनेमा. युद्धाच्या काळात अमेरिकेचा लाडका असलेला हा कॅप्टन पन्नासच्या दशकात चौकशी समितीपुढे उभा केला जातो. आरोप काय, तर केप लाल आहे म्हणजे कम्युनिस्ट, परवान्याविना उडतो, आणि अंतर्वस्त्रं कपड्यांवरून घालून चारचौघांत फिरतो. सगळं जुन्या बातमीपटाच्या थाटात, कृष्णधवल, एकाही चेहऱ्यावर हसू नाही. यालाच मी भडक विनोद म्हणतो: वेश भडक, चेहरा सरळ. ज्या गोव्यात पोर्तुगीज हुकूमशहा साळाझारच्या राजवटीत नाटकाची संहिता आधी सेन्सॉरकडे जायची, तिथल्या प्रेक्षकाला हा प्रसंग समजावून सांगायची गरज पडू नये. मग माणूस ऑस्ट्रेलियात जाऊन बाटलीत बुडतो, आणि संमोहनाचं यंत्र चोरीला गेल्यावर राष्ट्राध्यक्षाला त्याची आठवण होते.

सिनेमा फसलाय, ते मान्य. पण गाण्यांमुळे नाही. गाणी चुकीच्या जागी पडल्यामुळे. अध्यक्षाचं गाणं म्हणजे एकच शिवी घोळवणं, त्याने कथा तसूभर हलत नाही. उलट शेवटी खलनायक मिस्टर मिडनाइट दारूची एकेक जात गाऊन नायकापुढे धरतो, तिथे त्या गाण्याशिवाय प्रसंगच उरत नाही. नायक पिणार की नाही हे त्या गाण्यातच ठरतं. म्हणजे सिनेमातली सगळ्यात मोठी मारामारी गाण्यात आहे. मुठीने झालेल्या मारामाऱ्या कोणाला आठवतात?

निवांत म्हापसेकर
बाब, एवढं लांबलचक लिहून तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. दहातली नऊ गाणी फुकट आणि एक चांगलं, तर त्याला संगीतिका म्हणायचं की अपघात? आणि ते चांगलं गाणंही मिडनाइट झालेला क्रिस्टोफर ली चिरक्या आवाजात गातो. ड्रॅक्युला करणाऱ्या माणसाचा आवाज एवढा पातळ? मी व्हिडिओवरची प्रत दोनदा ऐकली आहे.

पायपेटी (म्हार्दोळ)
लीचा आवाज पातळ? त्या माणसाचा आवाज बास, म्हणजे खर्जातला. १९७३च्या 'द विकर मॅन'मध्येही तो गायलाय, आणि ऐंशी ओलांडल्यावर मेटल संगीताचे अल्बम काढलेत. तुमच्या प्रतीची चौकशी करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झाला आणि पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या व्हिडिओवर २५ने चालवला, की सगळं चार टक्क्यांनी पळतं. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. आवाज वेगळा सुधारून घेतला नसेल तर स्वरही चढतो. किती? जवळजवळ ७० सेंट. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात. म्हणजे पट्टीच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. काळी एकमध्ये गाणारा धड काळी एकवर नाही, धड पांढरी दोनवर नाही, मधेच लोंबकळतो. खर्जातल्या आवाजाला हे फार लागतं, कारण त्याचं वजन खालच्या स्वरांतच असतं.

तपासायची सोपी रीत: पेटी घ्या, गाण्याचा षड्ज शोधा. कुठल्याच पट्टीवर बसत नसेल आणि प्रत्येक गाण्यात तेवढाच चढ असेल, तर दोष प्रतीचा. एकाच गाण्यात बेसूर असेल तर दोष गाणाऱ्याचा.

निवांत म्हापसेकर
बरं. चिरका शब्द मागे. घरात पेटी नसलेल्या सामान्य प्रेक्षकाला हे कळणं अपेक्षित आहे हे ठाऊक नव्हतं, क्षमा असावी. मुद्दा तोच आहे: उडणं आणि गाणं एकत्र हास्यास्पद दिसतं.

कप्पी_साखळी
दिसतं म्हणता, मुळात ते होतंच नाही. त्यात कोणाची चूक नाही, शरीराची अडचण आहे. माणूस टांगायचा तर हार्नेसचे पट्टे मांड्यांवर आणि कंबरेवर वजन घेतात. घाईत बांधणारे छातीचा पट्टा आवळतात, कारण वेशाखाली तो लपतो. छाती-पोट आवळलं की श्वासपटल खाली उतरत नाही, आणि नट दोन मात्रांत धापा टाकतो. म्हणून सिनेमात गाणं आधी ध्वनिमुद्रित करतात आणि उडताना नुसते ओठ हलवतात. रंगभूमीवर उडणं आधी उरकायचं, पाय टेकले की मग पद.

पण खरा राग वेगळाच आहे. हल्ली आपल्याकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'ट्रिकसीनयुक्त' छापतात, आणि ट्रिकसीन म्हणजे पाठीला एक दोरी बांधून नारदाला वर ओढणं. एका दोरीवर टांगलेला माणूस गिरक्या घेतोच. वळलेल्या दोरीवर भार पडला की तिचा पीळ सुटायला लागतो आणि तो माणसाला फिरवतो. नारदाची पाठ प्रेक्षकांकडे, तंबोरा खांबाकडे. दोन दोऱ्या हव्यात, कंबरेच्या दोन्ही बाजूंना, शरीराचा तोल जिथे साधतो तिथे. मग माणूस पुढे झुकून आडवा होऊ शकतो, म्हणजे उडतोय असं वाटतं. नाहीतर तो विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा दिसतो.

फोंडेकरीण
आणि मंडप कसला असतो? सुपारीच्या खांबांचा, वर झावळ्या. त्याला माणूस टांगणार?

कप्पी_साखळी
बाय, नेमकं बोललात. सरळ वर ओढला तर ७० किलोच्या नटाचे ७० किलो (कप्पीवर ओढणाऱ्याचा जोर धरून जवळपास दुप्पट). पण झोका दिला की हिशोब बदलतो. उभ्या दोरीपासून ६० अंशांवर नेऊन सोडलात तर खालच्या टोकाला दोरीवर वजनाच्या दुप्पट ताण येतो, म्हणजे १४० किलो. ९० अंशांवरून सोडलात तर तिप्पट. माणूस टांगायचा तर दोरीची ताकद ताणाच्या दसपट धरतात, म्हणजे १४०० किलो. चार मिलिमीटरची बारीक तारांची लवचिक पोलादी दोर ९०० किलोच्या आसपास तुटते, दोन घेतल्या तर भागतं. पण ती ज्या आडव्याला बांधणार तो सुपारीचा नको. जमिनीवरून उभा केलेला स्वतंत्र लोखंडी सांगाडा हवा, मंडपाला न चिकटलेला.

आणि केप! केप हार्नेसच्या वरून शिवतात, दोरीसाठी चीर ठेवत नाहीत, मग केप दोरीत अडकून गळ्याशी आवळतो. चीर ठेवा, आणि गळ्याशी गाठ नको. ओढताच सुटेल असा चिकटपट्टीचा बंद लावा.

बाकड्यावरचा (पेडणे)
ट्रिकसीनवर सरसकट तोंडसुख घेऊ नका. दशावतारात पूर्वीपासून राळ उडवतात, तीही ट्रिकच. बाकडं तेच कधी सिंहासन, कधी रथ, कधी डोंगर. लोक ते मानतात.

कप्पी_साखळी
राळेला ट्रिकसीनच्या पंगतीत बसवू नका. राळ नीट कुटून वस्त्रगाळ केली तर मशालीवर भपकन पेटते, कारण हवेत उडालेल्या प्रत्येक कणाला हवा लागते. खडा टाकलात तर नुसता वितळतो आणि धूर देतो. म्हणजे तिच्यात कारागिरी आहे. धुराचं यंत्र भाड्याने आणून बटण दाबण्यात कसली कारागिरी? शिवाय त्या धुरातलं ग्लायकॉल हवेतला ओलावा खेचतं आणि गळा कोरडा करतं. धूर सोडायचा पदाच्या आधी दोन मिनिटं, आणि नट पाण्याचा घोट घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही. इथे नेमका तानेच्या वेळी सोडतात.

पायपेटी (म्हार्दोळ)
तान राहिलीय कुठे? आता ट्रॅक लावतात. नट नुसता हात हलवतो. मंगेशीत जन्मलेल्या दीनानाथांच्या मुलखात!

निवांत म्हापसेकर
आता मूळ विषयावर येऊ का? की दीनानाथांनंतर थेट पोर्तुगीज?

पायपेटी (म्हार्दोळ)
विषय हाच आहे, मरे. गाणं नायकाच्या अंगात असतं तेव्हा ते विनोदातही चालतं. बाहेरून लावलेलं असतं तेव्हा शोकांतिकेतही चालत नाही. अॅलन आर्किन पन्नासच्या दशकात टॅरियर्स या लोकगीत गटात गायचा, म्हणजे नायक झालेल्या नटाला गाता येतं. आणि सिनेमा लक्षात राहतो तो खलनायकाच्या गाण्याने. चूक इथे आहे. पुनरागमन करणाऱ्या माणसाला उत्तराचं पद हवं. लीने पेला पुढे धरला, आर्किनने त्याच चालीत, वरच्या पट्टीत नकार दिला असता, तर सवाल-जवाब झाला असता.

बाकड्यावरचा (पेडणे)
छे. तिथे नायकाचं गप्प राहणंच बरोबर. घशाला कोरड पडलेला दारुडा वरच्या पट्टीत गाईल? 'एकच प्याला' १९१९मध्ये रंगभूमीवर आलं, त्यात सुधाकराचा सगळा नाश होतो आणि लोक पदं गुणगुणतात ती सिंधूची. पिणाऱ्याने सोसायचं, गाणारा दुसरा.

पायपेटी (म्हार्दोळ)
म्हणूनच त्यातला सुधाकर परत येत नाही! इथे तर परत यायचंय. शोकांतिकेचा नियम विनोदी नाटकाला लावता आणि वर दशावताराचा दाखला देता. तुमच्याच दशावतारात देव गप्प राहून वध करतो का?

फोंडेकरीण
हे मात्र बरोबर. बाकड्यावरचे, गप्प आता तुम्ही बसा.

एक राहिलं. एवढा चांगला खलनायक आणि एवढं चांगलं गाणं असून सिनेमा विस्कटलेला का, याचं एक कारण पैशाच्या कागदांत आहे. ऑस्ट्रेलियात तेव्हा सिनेमात पैसे घालणाऱ्याला १५० टक्के वजावट मिळायची. शंभर घाला, करात दीडशे दाखवा. आर्थिक वर्ष ३० जूनला संपायचं, म्हणून सगळे एकाच हंगामात कॅमेरे घेऊन धावायचे. गुंतवणाऱ्याची अर्धी भूक करातच भागली की संकलनाच्या टेबलावर 'हे गाणं काप' म्हणायला कोण उरतं?

निवांत म्हापसेकर
शेवटी कोणीतरी कामाचं बोललं. अध्यक्षाचं गाणं कापायलाच हवं होतं, हे सगळ्यांना मान्य आहे असं धरतो. दारूच्या गाण्यापुरती माघार घेतो. तेवढीच. त्या पेल्यांत आमची फेणी नाही म्हणून कॅप्टन वाचला, असं माझं मत.

कप्पी_साखळी
फेणीचं पुढच्या धाग्यात. ज्यांनी दोरीबद्दल निरोप पाठवले त्यांच्यासाठी: नायलॉनची नको, ती ताणली जाते आणि नट ठरल्या जागेच्या हातभर खाली येतो. दोरीच्या टोकाला स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, लावा. आणि पहिली चाचणी वाळूच्या पोत्यावर घ्या, नटाच्या दीडपट वजनाच्या, नारदावर नाही.