मदत हवी आहे: सक्तीच्या श्रमाविरुद्ध राष्ट्रीय कायद्याचा मसुदा, शिक्षा कडक आहे पण खटला उभा राहील का?

अभ्यासगट_मसुदा:
आमचा गट सक्तीचे श्रम बंद करण्यासाठी एक आदर्श कायदा लिहितो आहे. कोणत्याही देशाला तो थोडेफार बदल करून वापरता यावा, असा हेतू आहे. सध्या गाभ्याचं कलम एका ओळीचं आहे: "जो कोणी बळजबरीने काम करून घेईल, त्यास दहा वर्षांपर्यंत कैद." तीन ठिकाणी अडलो आहोत. बळजबरीची व्याख्या किती खोलात करायची? लष्करी सेवा आणि तुरुंगातलं काम यांना सूट कशी लिहायची? अंमलबजावणी पोलिसांकडे द्यायची की कामगार निरीक्षकांकडे? शक्य असेल तर नेमकी भाषा सुचवा.

कलमवाचक:
आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या (आयएलओ) १९३० च्या करार क्र. २९ मधली व्याख्या घ्या. तिची दोन अंगं आहेत: काम कोणत्याही दंडाच्या धाकाखाली करवून घेतलेलं असणं, आणि त्या कामासाठी माणूस स्वखुशीने पुढे आलेला नसणं. नुसता "बळजबरी" शब्द ठेवलात तर न्यायालय अंगावरचे वळ आणि दाराचं कुलूप शोधत बसेल. प्रत्यक्षातला धाक बहुतेक वेळा वेगळाच असतो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, मजुरी थकवलेली, उचल फिटल्याशिवाय निघायचं नाही, तक्रार केलीस तर देशाबाहेर घालवू. हे सगळे प्रकार कलमात लिहा आणि पुढे "यांसह, परंतु एवढ्यापुरतेच नव्हे" हे शब्द जोडा.

संमतीसाठी स्वतंत्र पोटकलम हवंच. २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ग्रीसमधल्या स्ट्रॉबेरीच्या शेतावरच्या बांगलादेशी मजुरांच्या प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मजुरांना हिंडण्या-फिरण्याची मोकळीक होती, म्हणून ते सक्तीचे श्रम नव्हेत असं होत नाही. आणि मालक मजुराच्या अगतिकतेचा फायदा घेत असेल, तर सुरुवातीला आपणहून काम पत्करणं पुरेसं ठरत नाही. म्हणून लिहा: "अगतिक परिस्थितीचा गैरफायदा घेतला असल्यास पूर्वी दिलेली संमती हा बचाव ठरणार नाही."

सूट देताना हात आखडता ठेवा. लष्करी सेवेची सूट निव्वळ लष्करी स्वरूपाच्या कामापुरती आहे. सक्तीने भरती केलेल्या सैनिकांना रस्ते बांधायला किंवा शेतात लावलं तर ती लागू होत नाही. तुरुंगातल्या कामाला तीन अटी एकत्र लागतात: न्यायालयाने दोषी ठरवलेलं असणं (म्हणजे कच्चे कैदी बाहेर), सरकारी यंत्रणेची देखरेख, आणि कैदी खाजगी व्यक्ती किंवा कंपनीच्या दिमतीला दिलेला नसणं. शिवाय १९५७ चा करार क्र. १०५ वाचा. राजकीय मतांबद्दल किंवा संपाबद्दल शिक्षा म्हणून, अथवा आर्थिक विकासाच्या नावाखाली श्रम लादायला त्यात मनाई आहे. उझबेकिस्तानात कापूसवेचणीला शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी धाडले जात, ते सरकारी यंत्रणेकडूनच. तुमचं कलम फक्त खाजगी मालकाकडे पाहत असेल तर असे अधिकारी सुटतील.

पंचनामा:
पोलीस की निरीक्षक? दोघंही, पण क्रम ठरवून. पहिलं पाऊल निरीक्षकाचं असावं, कारण आयएलओच्या १९४७ च्या करार क्र. ८१ नुसार त्याला पूर्वसूचना न देता, दिवसा किंवा रात्री कामाच्या जागी शिरता येतं. ब्राझीलने १९९५ पासून फिरती पथकं चालवली. निरीक्षक, सरकारी वकील आणि पोलीस एकत्र जातात. पथक केंद्रातून निघतं, त्यामुळे स्थानिक दबाव कमी पोचतो. मजुरांची देणी तिथल्या तिथे काढून मालकाकडून वसूल करण्यावर त्यांचा भर असतो.

धाडी फसतात त्या साध्या कारणांनी. मुकादमासमोरच जबाब घेतले जातात. दुभाषी नसतो. हजेरीपट जप्त होतो, पण उचलीची वही तशीच राहते, आणि कर्जाचा सापळा तर तिच्यातच दिसतो. रात्रीच्या निवाऱ्याची सोय नसली की मजूर पांगतात आणि खटल्याला साक्षीदार उरत नाही. म्हणून दंडाधिकाऱ्यासमोरचा जबाब लगेच ध्वनिचित्रमुद्रित करून तो पुराव्यात ग्राह्य धरण्याची तरतूद करा. मजुरीचा हिशेब किमान वेतन गुणिले प्रत्यक्ष कामाचे तास, वजा खरोखर हातात पडलेले पैसे, असा करा. जेवण-खोलीच्या बेकायदा कपाती त्यात धरू नका. नोंदी नसतील तर मजूर सांगेल ते खरं मानून, ते खोडण्याचा भार मालकावर टाका.

अभ्यासगट_मसुदा:
फार उपयोगी, आभार. गटात काहींचा आग्रह आहे की शिक्षा वीस वर्षं केली की धाक बसेल. यावर काय मत?

कलमवाचक:
माझ्या मते जोर तिथे लावू नका. किमान शिक्षा फार जड झाली की गुन्हा सौम्य कलमाखाली नोंदवण्याचा मोह वाढतो. आणि शिक्षेची बात येण्याआधी मजूर बाहेर यायला हवा ना! तो येत नाही, कारण कर्ज तसंच असतं. भारताच्या १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्यातली दोन कलमं म्हणूनच मोलाची आहेत. कलम ६ ने वेठीचं कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली, आणि कलम १५ ने कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला. त्याच कायद्यातून एक धडाही घ्या: दंडाची कमाल रक्कम २,००० रुपये अशी आकड्यात लिहिलेली आहे. तुम्ही दंड थकीत मजुरीच्या पटीत ठेवा, म्हणजे महागाईने तो विरघळणार नाही.

पंचनामा:
यात भर. स्थलांतरित मजुरासाठी करार क्र. २९ ला जोडलेल्या २०१४ च्या प्रोटोकॉलचं (पूरक कराराचं) कलम ४ जसंच्या तसं घ्या: देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा काहीही असला तरी दाद मागता यावी, आणि सक्तीखाली घडलेल्या बेकायदा कृत्यांसाठी पीडितावर खटला न भरण्याचा अधिकार यंत्रणेला असावा. निरीक्षकाने व्हिसाची माहिती परदेशी नागरिक विभागाला देऊ नये, हे स्पष्ट लिहा. राहण्याचा परवाना साक्ष देण्याच्या अटीला बांधू नका. मजुरी वसुलीही दोषसिद्धीपर्यंत लटकवू नका, तिची प्रक्रिया वेगळी ठेवा.

घरकामगारांचा विचार मसुद्यात दिसत नाही. कारखान्यात शिरण्याचा अधिकार राहत्या घराला लागू पडत नाही, आणि खाजगीपणाच्या हक्कावरून धाड बाद ठरू शकते. त्यासाठी दंडाधिकाऱ्याने २४ तासांत निर्णय द्यायचा तातडीचा प्रवेश-परवाना ठेवा. फोनवरची तक्रार त्याला पुरेशी मानावी आणि तक्रारदाराचं नाव घरमालकाला कळता कामा नये.