पिरॅमिडला मसाला नव्हता? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

प्रसाद, सी ७०४: (फॉरवर्ड) पिरॅमिडच्या दोन दगडांमध्ये ब्लेडसुद्धा जात नाही! सिमेंट नाही, कसलाच मसाला नाही. त्या काळच्या माणसांना हे जमणं अशक्य!! 🙏

जोशी काका, ए ५०२: प्रसाद, हे खरं नाही. चाळीस वर्षं साइटवर काढलीत मी, असं वाचलं की वाईट वाटतं. ब्लेड न जाण्याची गोष्ट फक्त बाहेरच्या आवरणाची. नाईलच्या पलीकडच्या तुरा इथल्या पांढऱ्या चुनखडीचे ते दगड. १८८० च्या सुमाराला इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी मोजले तेव्हा सांधा जेमतेम अर्धा मिलिमीटर भरला. आणि तेवढ्याशा सांध्यातही मसाला होता! आतले दगड तर ओबडधोबड, पिरॅमिड जिथे उभा आहे त्या गिझाच्याच खाणीतले. त्यांच्यातल्या फटी मसाला आणि दगडाचा चुरा घालून बुजवल्यात.

मीनल, बी ३०१: काका, मसाला म्हणजे चुना का? अन्वीला शाळेत यावरच प्रोजेक्ट आहे.

जोशी काका, ए ५०२: नाही गं, जिप्सम. आपल्या हॉलच्या सीलिंगला पीओपी आहे ना, त्याच जातीचं. चुना करायचा तर चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजावी लागते, जिप्समचं काम दीडशेच्या आसपास होतं. तिकडे लाकडाची टंचाई, म्हणजे हिशेब किती चोख बघ. शिवाय ओल्या मसाल्यावर जड दगड सरकवून जागेवर बसवता येतो. भट्टीतल्या कोळशाचे कण त्या मसाल्यात अजून सापडतात. १९८४ मध्ये आणि परत १९९५ मध्ये ते वेचून वय काढायची कार्बन चाचणी केली. दुसऱ्या खेपेला वय इतिहासकार धरतात त्यापेक्षा शे-दोनशे वर्षं जास्त आलं. जुनं लाकूड जाळलं असणार, असं त्यावरचं एक उत्तर.

प्रसाद, सी ७०४: पण काका, दगड साच्यात ओतून केले असंही ऐकलंय. काँक्रीटसारखे.

जोशी काका, ए ५०२: तो तर्क आहे, मला पटत नाही. आम्ही गिझाला गेलो होतो तेव्हा खालच्या थरातल्या एका दगडाला नाक लावून बघितलं. नाण्यासारखे गोल गोल जीवाश्म, नुम्युलाइट म्हणतात त्यांना. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्राबो नावाचा ग्रीक भूगोलकार तिथे गेला, त्याला लोकांनी सांगितलं की ही मजुरांच्या जेवणातली मसूर, दगड झालेली! त्याला ते पटलं नाही, पण दिसतं अगदी तसंच. शेजारीच खाण आहे, दगड काढल्याच्या खुणा दिसतात.

सुनीता, बी १०२: दगड ओढण्याचं मी सांगते, फिजिक्स शिकवते ना. जेहुतीहोतेप या इजिप्तच्या जुन्या सरदाराच्या थडग्यातल्या चित्रात मोठा पुतळा घसरगाडीवरून ओढताहेत आणि पुढे उभा एक माणूस वाळूवर पाणी ओततोय. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठात प्रयोग झाला. पाण्याचं प्रमाण बरोबर असेल तर ओढायला लागणारा जोर जवळपास निम्मा होतो. कोरडी वाळू गाडीपुढे साचते, तशी ओली साचत नाही.

प्रसाद, सी ७०४: बापरे! आणि ग्रॅनाइट?

जोशी काका, ए ५०२: ते अस्वानचं, ८०० किलोमीटर वरून नदीने आणलेलं. राजाच्या दालनावरचे काही तुकडे ५० टनांच्या पुढचे आहेत. तांब्याची करवत आणि वाळू, डोलेराइट या कठीण दगडाचे गोळे, हीच हत्यारं. दगड वर चढवायचा उतार नेमका कसा बांधला यावर अजून वाद आहेत, त्यात आज शिरत नाही.

पण खरं सांगायचंय ते पुढेच. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या पथकाला पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख, सापडले. हा मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाच्या काळातले, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली चाळीसेक माणसं. आज तुराला दगड भरला, आज होडीतच मुक्काम, आज गिझाला पोचलो. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. आमच्या साइटवरच्या डायरीत असंच लिहायचो रे आम्ही! एवढं सगळं स्वतःच्या हाताने लिहून ठेवणाऱ्या माणसांना ‘अशक्य’ म्हणून कसं चालेल?

प्रसाद, सी ७०४: काका, सॉरी. आता डिलीट करता येत नाहीये, पण जिथून आला तिथे तुमचं सगळं पाठवतो.

मीनल, बी ३०१: अन्वी विचारतेय, मसुरीसारख्या दगडाचा फोटो आहे का?

जोशी काका, ए ५०२: आहे, जवळून काढलेला. संध्याकाळी पाठव तिला वर. जिप्समचा खडाही आहे माझ्याकडे, नखाने ओरखडा पडतो, हातात घेऊन बघू दे. येताना वहीही आण म्हणावं.