मदत हवी आहे: लेकीसोबत मोटरसायकलवर दिवेआगर ते गुहागर, मुक्काम तंबूत

रानवाट

नमस्कार मंडळी,

महाशिवरात्रीच्या सुट्टीला जोडून मी आणि माझी लेक (वय १०, पाचवीत) मोटरसायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं म्हणतोय. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर. पुढे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेश्वी, मग बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. दाभोळहून पुन्हा फेरीबोट, पलीकडे धोपावे आणि गुहागर. परत येताना चिपळूण, कुंभार्ली, पाटण, सातारा.

हा रस्ता मी एकटीने केलेला आहे, त्यामुळे वाटेबद्दल फारसं विचारायचं नाही. पण तेव्हा मागे फक्त सामान होतं. आता मागे लेक असणार, आणि त्याने सगळंच बदलतं.

तिच्या डोक्यात दोनच गोष्टी आहेत. एक म्हणजे कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची. दुसरी म्हणजे समुद्राची गाज ऐकू येईल अशा ठिकाणी तंबूत झोपायचं. हॉटेलचं नाव काढलं की तिचा चेहरा पडतो. गेले काही महिने गच्चीवर तंबू लावायचा सराव चालू आहे. आता ती दिवा न लावता, नुसत्या हाताने चाचपून तंबूच्या कांड्या जोडते आणि मग मला हाक मारते, "आई, घर झालं." त्या गच्चीवरच्या घराला समुद्र मिळावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता प्रश्न. सगळ्यात मोठा प्रश्न तंबू कुठे लावायचा हा. उघड्या किनाऱ्यावर आम्ही दोघीच, हे मला पटत नाही. पण गाडीने येणाऱ्या घोळक्यांसाठीचे ते रंगीत दिव्यांचे, रात्री दोनपर्यंत गाणी वाजणारे कॅम्पही नकोत. यांच्या मधलं काही असतं का?

दुसरा प्रश्न तिच्या बसण्याचा. पाय फूटरेस्टवर व्यवस्थित टेकतात, हेल्मेट आहे. पण लांबच्या प्रवासात मुलं पेंगतात. लहान मुलांसाठीचा कमरेचा पट्टा दहा वर्षांच्या मुलीला लावावा का? गाडी ३५० सीसीची आहे.

तिसरं, तंबू, झोपायच्या पिशव्या, कपडे, थोडी भांडी हे सगळं तिला अडचण न होता कसं बांधावं?

आणि कासवांसाठी ही वेळ बरोबर आहे ना? नाताळच्या सुट्टीत गेलो असतो तर शाळा बुडली नसती, पण कुणीतरी सांगितलं की डिसेंबरात पिल्लं दिसत नाहीत.

कुणी आपल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन असं गेलं असेल तर अगदी बारीकसारीक गोष्टीही लिहा.


घाटमाथा

मी मुलाला घेऊन बरंच फिरलोय, तो नऊ वर्षांचा असल्यापासून. बसण्याबद्दल आधी लिहितो.

पट्ट्याची आणि ताशी ४० किमी वेगाची सक्ती नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी आहे, फेब्रुवारी २०२३ पासून. चार वर्षांवरच्या सगळ्यांना हेल्मेट लागतंच. तेव्हा पट्टा हा कायद्याचा प्रश्न नाही, तुमच्या सोयीचा आहे. माझ्या मते दहा वर्षांच्या मुलाला स्वतःशी बांधून टाकू नये. गाडी आडवी झाली तर त्याला सुटता आलं पाहिजे. त्यापेक्षा चालवणाऱ्याच्या कमरेला बांधायचा, दोन्ही बाजूंना धरायला मुठी असलेला पट्टा मिळतो तो घ्या. तुमचं जाकीट धरून बसण्यापेक्षा मुठी धरणं मुलांना सोपं जातं.

पेंगण्यावर मात्र पट्टा हा उपायच नाही, थांबणं हा उपाय आहे. मुलाचं हेल्मेट पाठीवर टेकायला लागलं की पुढचं झाड दिसेल तिथे गाडी बाजूला घ्यायची. "दहाच मिनिटं राहिलीत" हे मनात आणायचं नाही. जेवणानंतरचे दोन तास आम्ही गाडी चालवतच नाही. एखाद्या देवळात आडवे होतो. कोकणात देवळांना तोटा नाही.

हेल्मेट मोठ्यांचंच लहान मापाचं घेतलं असेल तर तपासा. भुवयांच्या वर टेपने डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचं, आयएसआय खुणेचं, तोंड झाकणारं घ्या. घालून डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट नुसतंच फिरत असेल तर ते मोठं आहे. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून कपडे घेतो तसं हेल्मेट घेऊ नका.

सामानाचं म्हणाल तर जड ते खाली आणि पुढे. दोन्ही बाजूंना खोगीरपिशव्या, त्यात भांडी, पाणी, हत्यारं. तंबू आणि झोपायच्या पिशव्या वजनाला हलक्या, त्या तिच्या पाठीमागे कॅरियरवर आडव्या बांधा. तिला टेकायला पाठ मिळते आणि मागे सरकण्याची भीती जाते. पण तिच्या पाठीवर सॅक अजिबात नको. आणि निघायच्या आधी एकदा सगळं बांधून, तिला बसवून, सिंहगडापर्यंत जाऊन या. काय सैल होतंय ते तिथेच कळतं.


वाडीवरचा

ताई, मी गुहागर तालुक्यातलाच. तंबूचं उत्तर सोपं आहे. वाडीत लावा.

आमच्याकडे समुद्र आणि घर यांच्या मध्ये नारळी-सुपारीची वाडी असते. घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांना आधी फोन करून विचारा: "आम्ही मायलेकी आहोत, खोली नको, वाडीत तंबू लावू द्याल का? जेवण तुमच्याकडेच करू." बरेच जण हो म्हणतात. न्हाणीघर मिळतं, रात्री काही लागलं तर हाकेच्या अंतरावर माणसं असतात, आणि गाज तर उशाशीच. तंबूचे पैसे नको म्हणाले तरी द्या. जेवणाचं मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा, आयत्या वेळी दोन पानं वाढवायची म्हणजे घरच्या बाईची धावपळ होते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. नारळाखाली तंबू लावायचा नाही, वारा नसतानाही झाप आणि नारळ पडतात. सुपारीखालीही शेंड्याकडे नजर टाकून मगच जागा धरा. दुसरं, सारवलेल्या अंगणात खुंट्या ठोकायच्या नाहीत. विचारल्यावर कुणी नाही म्हणणार नाही, पण जीव हळहळतो. कांड्यांवर आपला आपण उभा राहणारा तंबू असेल तर चारही कोपऱ्यांना जांभ्याचे चिरे ठेवले की झालं. तिसरं, फुरसं, म्हणजे छोटासा विषारी साप. आमच्या कातळावर आणि चिऱ्यांच्या ढिगात फुरशी असतात. बोटाएवढी दिसली तरी विषारी. चिरे तुम्ही उचलू नका, घरातल्यांना उचलून द्यायला सांगा. रात्री तंबूची चेन कायम बंद, बूट आत, आणि लघवीला जाताना बॅटरी लावूनच पाऊल टाकायचं. मुलीला हे घाबरवून नको, सवय म्हणून शिकवा. काही झालंच तर बांधाबांध, कापाकापी करत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना.


सागरगोटे

तुम्ही महाशिवरात्र निवडली आहे म्हणून भरतीबद्दल आवर्जून लिहिते. आमच्याकडे तोंडी हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. महाशिवरात्र म्हणजे वद्य चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा. म्हणजे सकाळी साडेदहाच्या आसपास भरती आणि रात्री पुन्हा अकराच्या सुमारास. शिवाय अमावास्या तोंडावर, म्हणजे उधाणाचं पाणी.

याचा अर्थ नीट बघा. संध्याकाळी पाच-साडेपाचला तुम्ही किनाऱ्यावर पोचाल तेव्हा पूर्ण ओहोटी असेल. वाळूचं मैदान दिसेल, कुठेही तंबू लावावा असं वाटेल. आणि मुलगी गाढ झोपेत असताना पाणी चढत येईल. किनाऱ्यावर सुकलेल्या काड्या, शिंपले, थर्माकोलचे तुकडे यांची एक वेडीवाकडी रेघ असते. आधीच्या भरतीचं पाणी तिथवर आलेलं असतं. उधाणाकडे दिवस सरकत असतील तर आजचं पाणी त्या रेघेच्याही पुढे जातं. म्हणून वाडी हेच बरोबर.

पोहण्याचंही तेच. ओहोटी लागली की पाणी ओढतं, खाडीच्या तोंडाशी तर फारच. दोघींनी घोट्याएवढ्या पाण्यात खेळा, तेही गावातल्या माणसाला जागा विचारून. हरिहरेश्वराला प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकात उतरायचं असेल तर ओहोटीलाच, आणि लाटांकडे पाठ करून फोटो नाहीत. महाशिवरात्रीला तिथे गर्दीही प्रचंड असते. शक्य असेल तर तो दिवस सोडून हरिहरेश्वर करा.

भरतीचा एक फायदाही सांगते. फेरीबोट सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान पकडा. ओहोटीला धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो, तो शेवाळाने हिरवागार असतो, आणि तिथूनच ओल्या लोखंडी फळीवर गाडी चढवायची असते. भरतीला तो भाग पाण्याखाली राहतो. कशीही वेळ असो, मुलीला आधी उतरवून पायी बोटीत जाऊ द्या. गाडी तुम्ही एकट्या चढवा. आत गेल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा, नुसत्या साइड स्टँडच्या भरवशावर सोडू नका.


रानवाट

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! तिथीचा हिशोब मी लेकीला वाचून दाखवला. ती कालनिर्णय काढून बसली आहे आणि प्रत्येक दिवसाची भरती वहीत लिहिते आहे.

वाडीची कल्पना मला फार आवडली, आणि मुख्य म्हणजे तिलाही. तिची एकच अट आहे, तंबूचं दार समुद्राकडे हवं. घाटमाथा, जेवणानंतर दोन तास न चालवण्याचं तुमचं म्हणणं मान्य. त्या हिशोबाने रोजचं अंतर कमी केलं. पहिल्या दिवशी पुणे ते दिवेआगर साधारण १६० किमी आहे, तेवढा एकच मोठा टप्पा. तोही पहाटे निघून जेवणाआधी संपवायचा.

कासवांबद्दल कुणी सांगेल का?


खारफुटी

मी सांगते. ऑलिव्ह रिडले माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणून डिसेंबरात गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा चांगला काळ. महाशिवरात्र जितकी उशिरा, तितकं बरं.

वेळासला हे काम २००२ पासून चालू आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केलं, आणि आता गावच ते सांभाळतं. घरट्यातली अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात आणि पिल्लं निघाली की सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. घरट्यावर झाकलेलं टोपलं उचललं की खाली वाळू हलताना दिसते, मग एकेक काळं डोकं. आंजर्ल्यालाही आणि गुहागरलाही असं काम आहे. निघण्याआधी गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारा. तरीही त्या दिवशी एकही पिल्लू निघालं नाही असं होऊ शकतं, हे मुलीला आधीच सांगा. शक्य असेल तर वेळासला दोन रात्री ठेवा, म्हणजे दोन-तीन वेळा बघायची संधी मिळते.

आणि एक कळकळीची विनंती. घरट्यांच्या किनाऱ्यावर शेकोटी नको, पांढऱ्या उजेडाच्या बॅटऱ्या नकोत, मोटरसायकल वाळूत तर अजिबात नको. पिल्लं उजेडाकडे जातात. समुद्राऐवजी दिव्याकडे चालत सुटलेलं पिल्लू सकाळपर्यंत टिकत नाही. बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद लावून न्या. आणि पिल्लू हातात घ्यायचं नाही, कितीही गोड दिसलं तरी.


घाटमाथा

खारफुटींशी शंभर टक्के सहमत. वाळूत गाडी नेऊ नकाच. चाक रुततं ते वेगळं, पण खारं पाणी साखळीत आणि ब्रेकमध्ये जातं. परत आल्यावर गोड्या पाण्याने गाडी धुऊन साखळीला तेल द्या. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावांत दिसलं की भरत चला. वळणांवर जांभ्याची बारीक लाल खडी असते, मागे मूल असताना तिथे गाडी झुकवायची नाही.

तंबूचं एक राहिलं. फेब्रुवारीत किनाऱ्यावर पहाटे दव जबरदस्त पडतं. वरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर आतून पाणी ठिबकतं. सकाळी तंबू ओला गुंडाळून बांधलात तर रात्री त्यातच झोपायचंय. ऊन वर येईपर्यंत वाळू द्या. तेवढ्यात न्याहारी होते.


रानवाट

मग असं ठरलं: पहिली रात्र दिवेआगर, नंतर दोन रात्री वेळास, एक केळशी किंवा आंजर्ले, शेवटी गुहागर. हरिहरेश्वर महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी. बाणकोटचा किल्ला लेकीच्या आग्रहाने वाढवला आहे. चूल-भांडी काढून टाकली, जेवण घरोघरी. त्या जागी दुसरी बॅटरी आणि लाल कागद.

वाडीवरचा, गुहागरच्या बाजूला तंबूला हो म्हणतील अशी घरं तुमच्या ओळखीची असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा. केळशी-आंजर्ल्याचं कुणाला माहीत असेल तर तेही हवं आहे. दार समुद्राकडे ठेवता येईल अशी जागा असेल तर फारच बरं.


वाडीवरचा

निरोप पाठवलाय, ताई. त्यांची वाडी थेट पुळणीला लागून आहे. फक्त कुत्रा आहे, अनोळखी माणसावर भुंकतो. लेकीला सांगा, एकदा नाव घेऊन हाक मारली की शांत होतो. नाव निरोपात लिहिलंय.