किर्गिझस्तानचा सोम: बेळगावातून काय न्यायचं, तिथं कसं मोडायचं?

टिळकवाडी_१७
नमस्कार मंडळी. भाची सप्टेंबरात किर्गिझस्तानातल्या ओश शहरी एमबीबीएसला चालली आहे. तिथलं चलन सोम, ते इथं मिळत नाही. मोबाइलवर दर बघावा तर एका ठिकाणी डॉलरला ८७ सोम, दुसऱ्या ठिकाणी १२ हजार! खरा कुठला? रोख किती द्यावी, नोटा कशा असाव्यात? आणि थोडे रुपयेच दिले तर चालतील का?

निपाणी_फॉरेक्स
८७ च्या आसपासचा खरा. बारा हजारवाला सोम उझबेकिस्तानचा. नाव एक, चलनं दोन. दर बघताना कोड बघायचा: किर्गिझ सोम केजीएस, उझबेक सोम यूझेडएस. ओश तर उझबेक हद्दीला चिकटूनच आहे, आपल्याकडं निपाणी सोडली की कागल, तसं. बाजारात सुट्टे म्हणून कुणी हजाराची उझबेक नोट टेकवली तर घ्यायची नाही. आपल्या हिशेबानं ती सात-आठ रुपयांची.

सोम शोधण्यात इथं वेळ घालवू नका. डॉलर न्या, आणि ते १०० च्या नोटांतच. निळ्या पट्टीची, म्हणजे २०१३ पासून चलनात आलेली नोट मागा. घडी पडलेली, शाईची खूण किंवा बँकेचा शिक्का असलेली, कोपरा फाटलेली नोट काउंटरवरच परत करा. तिथला विनिमयवाला ती एकतर नाकारतो, नाहीतर दर पाडतो. ही नुसती खोड नव्हे. त्याचे डॉलर पुढं घेतात ते माल आणायला बाहेर जाणारे व्यापारी, आणि त्यांना कोरी मोठी नोटच हवी असते. डागाळलेली त्याच्याच गल्ल्यात पडून राहते. १, ५, १० च्या नोटांना तर फलकावरच्यापेक्षा कमी दर मिळतो.

आता नियम. एका प्रवासाला साधारण ३,००० डॉलरपर्यंतच रोख देतात. पण रशिया आणि सीआयएस (जुन्या सोविएत संघातल्या देशांचा गट) देशांना जाणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ही अट सैल ठेवली आहे, आणि किर्गिझस्तान सीआयएसमध्ये येतो. काउंटरवरच्या पोराला हे बऱ्याचदा ठाऊक नसतं, अडलं तर वरच्या माणसाला विचारायला लावा. ५० हजार रुपयांवरचे डॉलर घेताना पैसे रोख चालत नाहीत. चेक किंवा बँकेतून. पॅन, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, ए-२ फॉर्म (परकीय चलन घेण्याचा अर्ज) बरोबर ठेवा. पावती जपून ठेवायची.

पण सूट आहे म्हणून सगळी फी पोरीच्या पर्समध्ये कोंबू नका. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांना १,००० ते १,५०० डॉलर पुरेत. फी बँकेतून पाठवा, हेतूचा कोड एस०३०५ (शिक्षणासाठी प्रवास; फी, हॉस्टेल त्यातच येतं). फॉर्मवर बँकांचा खर्च कोण सोसणार हा रकाना असतो, तिथं ‘पाठवणारा’ निवडा. नाहीतर मधली बँक आपला वाटा कापते, विद्यापीठाच्या खात्यावर २०-३० डॉलर कमी पोचतात आणि फी ‘अपुरी’ म्हणून लटकते. विद्यार्थिनीचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

रुपये नकोत. विनिमयाच्या फलकावर डॉलर, युरो, रशियन रूबल आणि कझाक तेंगे असतात, रुपया दिसत नाही. कुणी घेतलाच तर खोट सोसूनच. सध्या सोम आणि रुपया जवळपास बरोबरीला असल्यानं लोकांना वाटतं सरळ बदलता येईल. तसं होत नाही, दोन्हीकडून डॉलरमधूनच जावं लागतं.

खानापूर_नाणी
इतिहासाचं मी सांगतो. सोम आला १० मे १९९३ रोजी, २०० सोविएत रूबलला एक सोम या दरानं. मध्य आशियातल्या पाच देशांत स्वतःचं चलन काढणारा किर्गिझस्तान पहिला. शेजारी वैतागले, कारण टाकाऊ झालेले रूबल आपल्याकडं लोटत येतील ही धास्ती. पुढं जुलैत रशियानंच जुन्या नोटा बाद केल्या, आणि नोव्हेंबरात कझाकस्तानला तेंगे काढावाच लागला. म्हणजे किर्गिझांची घाई पुढं शहाणपणाची ठरली, असं माझं मत.

‘सोम’चा अर्थ तुर्की भाषांत शुद्ध, निर्भेळ. आपण बंदा रुपया म्हणतो, त्याच्या जवळचा शब्द. सोविएत काळात तिकडं रूबललाही सोमच म्हणत, म्हणून दोन देशांनी एकच नाव घेतलं. एका सोमचे १०० तिइन. तिइन म्हणजे खार. खारीची कातडी पूर्वी पैशासारखी चाले, त्यावरून.

नोटांत मला ५० ची आवडते. तिच्यावर कुर्मानजान दात्का, अलाय भागातली राणी. बेळगावकराला लगेच कित्तूरची चन्नम्मा आठवणार. पण दात्कानं रशियनांशी शेवटी तह केला. ५०० वर सायाकबाय कारालायेव, किर्गिझांच्या ‘मानस’ महाकाव्याच्या पाच लाख ओळी ज्याच्या तोंडून उतरवून घेतल्या तो. १,००० वर जुना कवी युसुफ बालासागुनी.

आणि नाणी सुरुवातीला नव्हतीच. १९९३ मध्ये तिइनच्यासुद्धा कागदी नोटा होत्या. नाणी आली २००८ साली.

टिळकवाडी_१७
वा, भरपूर मिळालं. उतरल्या उतरल्या कुठं मोडायचे? विमान आधी बिश्केकला आहे. आणि कार्ड?

निपाणी_फॉरेक्स
विमानतळावर एकच १०० ची नोट मोडा, टॅक्सी आणि सिमपुरती. बाकी शहरात. बिश्केकमध्ये मॉस्कोव्स्काया रस्त्याच्या चौकात, ‘मोससोवेत’ म्हणतात, विनिमयवाल्यांची रांगच आहे. फलकावर दोन आकडे असतात. डॉलर देताना लहान आकडा आपला. ८७.२० ला ५०० डॉलरचे ४३,६०० सोम झाले पाहिजेत. हिशेब मोबाइलवर आधीच मांडून ठेवा, नोटा खिडकीसमोरच मोजा. रस्त्यात ‘जास्त देतो’ म्हणत येणाऱ्याकडं वळून बघू नका.

कार्ड निघण्याआधी आंतरराष्ट्रीय वापरासाठी चालू करून घ्या. एटीएम ‘रुपयात कापू का?’ विचारेल, नाही म्हणायचं, सोममध्येच कापू द्या. रुपयाचा दर तो स्वतःच्या सोयीनं लावतो.

परत येताना उरलेले सोम तिथंच डॉलर करा, दिल्लीत कुणी घेत नाही.

खानापूर_नाणी
सगळे नका करू की! ३ सोमचं नाणं ठेवा. आपल्याकडं तीन पैशांचं नाणं होतं, पण तीन रुपयांचं नाही. तिथं ते तीन रूबलच्या सवयीतून आलं.