डॉक्टरची वही बघा आधी
एकाने विचारलंय, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया-कॅरोलायनाकडच्या जुन्या डॉक्टरच्या घरच्या कागदांत गुलामांची नावं मिळतील का, तर मिळतात, पण जनगणनेत नका शोधत बसू, १८५० आणि १८६० च्या स्लेव्ह शेड्यूलमध्ये (जनगणनेतली गुलामांची वेगळी यादी) मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग, बास. त्यापेक्षा डॉक्टरची हिशेबाची वही बघा, बिल मळेवाल्याच्या नावावर आणि तपासलं कुणाला ते कधीकधी त्याच ओळीत लिहिलेलं असतं. मालक वारला की मालमत्तेची यादी व्हायची, त्यात घोडे, खाटा आणि मधेच माणसं, नाव आणि पुढे डॉलरमधे किंमत (वाचताना पोटात कालवतं). आणि हो, जमिनीच्या डीडमधे (खरेदीखतात) 'व्हाइट ओक झाडापासून ओढ्यापर्यंत अमुक पोल' असं दिसलं तर गोंधळू नका, एक पोल म्हणजे साडेसोळा फूट.