कॅनडात जोडलेला पंप अमेरिकेतल्या गावाला का चालत नाही?

हॅमिल्टनची_नवखी

नमस्कार. हॅमिल्टनजवळच्या एका पंप कारखान्यात मी इस्टिमेटिंगला आहे. कॅनडात येऊन दीड वर्ष झालं, त्याआधी भोसरीत हेच काम करत होते.

गेल्या महिन्यात ओहायोतल्या एका लहान गावाच्या सांडपाणी केंद्रासाठी चार पंपांचं कोटेशन दिलं. कॉन्ट्रॅक्टरला दर पटला, ड्रॉइंग पास झाली, डिलिव्हरीची तारीखही ठरत आली होती. मग त्यांच्या इंजिनिअरची एका ओळीची मेल आली: 'बाबा'चं सर्टिफिकेट जोडा. 'बाबा' म्हणजे 'बिल्ड अमेरिका, बाय अमेरिका' हा २०२१ चा कायदा, वॉशिंग्टनच्या (फेडरल) पैशातून होणाऱ्या सार्वजनिक कामाला माल अमेरिकेत बनलेला हवा असं सांगणारा, हे मला त्या दिवशी कळलं. पंप आमच्या शेडमध्ये जोडला जातो, त्यामुळे सर्टिफिकेट देता येईना. ऑर्डर गेली.

वाईट याचं वाटतं की त्या पंपातली मोटर अमेरिकेची आहे, मेकॅनिकल सीलही तिथलंच. गाव आमच्यापासून गाडीने पाच तासांवर. दोन्ही देशांत मुक्त व्यापाराचा करार आहे ना? मग सरकारी खरेदी आली की आपण परके कसे? साहेब म्हणताहेत, बफेलोला शेड भाड्याने घेऊ आणि तिथे असेंब्ली करू. त्याने सुटेल का हे? सोमवारी मीटिंग आहे. कोणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

जुना_कोटेशनवाला

तुझं वाचून मला २००९ चा उन्हाळा आठवला.

मी ओंटारिओत व्हॉल्व्हच्या धंद्यात सव्वीस वर्षं काढली, बहुतेक कोटेशनच्या टेबलावरच. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेने ७८७ अब्ज डॉलरचं मंदीवरचं पॅकेज मंजूर केलं आणि त्यात कलम १६०५ घातलं. या पैशातून होणाऱ्या सार्वजनिक कामाला लोखंड, पोलाद आणि कारखान्यात बनलेला माल अमेरिकेचाच हवा. आम्ही समजलो, हे चीनसाठी असणार. जूनमध्ये आमचे सहा गेट व्हॉल्व्ह परत आले. मी स्वतः डॉकवर गेलो होतो. लाकडी पेटी एकदा उघडून पुन्हा ठोकलेली. व्हॉल्व्हच्या अंगावर ओतकामातच 'कॅनडा' हा शब्द उठवलेला असतो, निळ्या इपॉक्सीखालीही तो बोटाला लागतो. तिथल्या इन्स्पेक्टरने त्या शब्दाभोवती पिवळ्या खडूने गोल काढला होता, सहाही व्हॉल्व्हवर. प्रेशर टेस्टचे कागद पेटीत जसेच्या तसे होते. ते कोणी उघडूनही पाहिले नव्हते.

आमच्या एकट्याचं हे दुखणं नव्हतं. इंडियानातल्या पेरू नावाच्या गावाने टोरांटोजवळ बनलेले सांडपाण्याचे पंप नाकारले. कॅलिफोर्नियात कॅम्प पेंडल्टनच्या लष्करी तळावर तर जमिनीत बसवून झालेली कॅनेडियन पाइप-फिटिंग उकरून काढली आणि अमेरिकन घातली. चांगला माल मातीतून उपसून टाकायचा, हे मला आजही पचत नाही.

आता तुझा प्रश्न. मुक्त व्यापाराचा करार मुख्यतः सीमेवरच्या जकातीचा. सरकार स्वतः गिऱ्हाईक होतं, तेव्हा वेगळं खातं उघडतं. त्यासाठी जागतिक व्यापार संघटनेचा सरकारी खरेदीचा स्वतंत्र करार आहे. अमेरिकेने त्यात आपली ३७ राज्यं घातली होती. कॅनडाने आपले प्रांत घातलेच नव्हते. कलम १६०५ करारातल्या देशांना सोडून होतं, त्यामुळे या राज्यांच्या कामांत जपान आणि युरोपच्या मालाला वाट होती आणि कुंपणाला कुंपण लागून असलेल्या आपल्याला नव्हती. यात ओटावा आणि प्रांतांची चूक मोठी आहे, आणि ती मी वॉशिंग्टनइतकीच मोजतो.

इकडेही लोक चिडले. हॉल्टन हिल्सच्या नगर परिषदेने तुमचा माल आम्हीही घेणार नाही असा ठराव केला. जूनमध्ये देशभरच्या नगरपालिकांच्या महासंघाने तसाच ठराव १८९ विरुद्ध १७५ मतांनी केला. शेवटी दोन्ही सरकारं बसली, प्रांत करारात आले आणि समझोता १६ फेब्रुवारी २०१० ला लागू झाला. पाण्याच्या कामांसाठी त्या पॅकेजमधून दिलेला निधी कॉन्ट्रॅक्टमध्ये बांधायची मुदत होती १७ फेब्रुवारी. मधे एक दिवस! आम्हाला त्यातून एक व्हॉल्व्हही विकता आला नाही.

२०२० च्या नव्या त्रिपक्षीय मुक्त व्यापार करारात सरकारी खरेदीचं प्रकरण अमेरिका आणि मेक्सिको यांच्यापुरतंच आहे. कॅनडा त्यात नाही. आपल्याला आधार तो जागतिक कराराचाच, आणि तुझं ते गाव त्यात येत नाही.

म्हणून कोटेशनला हात घालण्याआधी कॉन्ट्रॅक्टरला फोन करून विचारायचं: पैसा कोणाचा? गाव स्वतःच्या पाणीपट्टीतून काम करत असेल तर हा फेडरल नियम लागत नाही (राज्याचा स्वतःचा कायदा मात्र बघ, पेनसिल्व्हेनियात पोलादावर १९७८ पासून आहे). राज्याच्या फिरत्या निधीतून (परत आलेल्या पैशातून पुन्हा कर्ज देणारा सरकारी निधी) कर्ज घेतलं असेल तर त्यात वॉशिंग्टनचा पैसा असतो. मग २०१४ पासूनची लोखंड-पोलादाची अट आहे आणि त्यावर 'बाबा'ही असू शकतो. हे टेंडरच्या पहिल्या पानावर क्वचित सापडतं, मागच्या जोडपत्रांत असतं. मी आधी शेवटची पानं उघडायचो.

बफेलोच्या शेडबद्दल: नुसती असेंब्ली तिकडे नेऊन भागत नाही. पंपासारख्या मालाला दोन अटी आहेत. तो अमेरिकेत बनलेला हवा, आणि सुट्या भागांच्या एकूण किमतीपैकी ५५ टक्क्यांहून जास्त अमेरिकन हवं. कॅनडातल्या विनिपेगच्या बस बनवणाऱ्यांना हे फार आधीपासून भोगावं लागलंय. सांगाडा विनिपेगमध्ये होतो, उरलेलं काम मिनेसोटात क्रुकस्टन आणि सेंट क्लाउडला. बसवरची टक्केवारी ६० वरून ६५ आणि मग ७० झाली. तुमच्या साहेबांना आधी सुट्या भागांची किंमतवार यादी करायला लाव. भाड्याचा करार त्यानंतर.

खरेदी_विभाग_जीटीए

काकांनी २००९ सांगितलं, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. ओंटारिओतल्या एका रुग्णालयात खरेदीला आहे. अमेरिकेच्या टॅरिफला उत्तर म्हणून मार्च २०२५ मध्ये प्रांताने अमेरिकन कंपन्यांना सरकारी खरेदीतून बाहेर ठेवायचं धोरण आणलं. अमेरिकन कंपनी कोणती? मुख्यालय तिकडे आणि कॅनडात पूर्णवेळ माणसं २५० पेक्षा कमी. म्हणजे इथे हजार माणसं असलेली अवाढव्य अमेरिकन कंपनी बोली लावू शकते, आणि मिसिसॉगात चाळीस माणसांचं ऑफिस चालवणारी लहान कंपनी बाद. त्या चाळीस जणांत आपल्यातलेच किती असतात! भुलीच्या यंत्राचे फिल्टर आम्ही अशाच एका ऑफिसकडून घ्यायचो. तिथल्या मुलीने फोनवर विचारलं, "मी तर ब्रॅम्प्टनची, आम्ही परके कधी झालो?" मला उत्तर सुचलं नाही. दुसरा पर्यायच नसेल आणि खरेदी थांबवणं शक्य नसेल तर सूट मिळते, पण तिची फाइल वर जाऊन सही होऊन येईपर्यंत वॉर्डातल्या सिस्टर रोज विचारत असतात.

हे कुठवर ताणतं त्याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. ब्रिटिश कोलंबियात प्रिन्स रूपर्टला अलास्काच्या फेरीचा धक्का आहे. जमीन कॅनडाची, भाडेपट्ट्यावर घेतलेली. तो नव्याने बांधायला अमेरिकेचा फेडरल पैसा, म्हणून पोलाद अमेरिकेचंच हवं, कॅनडाच्या भूमीवर! जानेवारी २०१५ मध्ये कॅनडाने कायदा वापरून ती अट पाळायला मनाई केली आणि अलास्काने कामच रद्द केलं. त्या कामात ना त्यांचं पोलाद खपलं ना आपलं.

शिरोली_फौंड्री

कोल्हापूरहून लिहितोय. आमचं पंपाचं कास्टिंग कॅनडाला जायचं, तिथे पंप होऊन पुढे अमेरिकेला. दोन वर्षांपूर्वी ऑर्डर निम्म्यावर आली. क्वालिटीची तक्रार नाही, दराची नाही. आम्ही उगाच वाळू आणि पोरोसिटी (ओतकामातली बारीक छिद्रं) तपासत बसलो. आज खरं कारण समजलं.

आपल्याकडेही हेच चाललंय, ते सांगायला हवं. २०१७ च्या मेक इन इंडिया खरेदी आदेशात पहिल्या वर्गाचा पुरवठादार ठरायला ५० टक्के देशी हिस्सा लागतो. जुलै २०२० पासून जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांच्या बोलीदारांना आधी नोंदणी करावी लागते, भारत ज्यांना कर्ज देतो असे शेजारी वगळून. आमच्या काही मंडळींना त्याचा फायदा झाला, मी तो नाकारत नाही. पण कॅनडाची ऑर्डर गेली तेव्हा अकरा मोल्डर घरी बसवावे लागले.

हॅमिल्टनची_नवखी

काका, रात्री बसून यादी केली. मोटर, सील आणि कपलिंग मिळून ४३ टक्के भरतंय. बेसप्लेट तिकडून घेतली तर ४९. केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) तिकडे ओतून घेतलं तरच ५५ ओलांडतो. आमचं केसिंग इथल्याच आमच्या पॅटर्नवर (साचा ज्यावरून करतात तो नमुना) ओतलं जातं.

जुना_कोटेशनवाला

बेरीज छान केलीस. आता गेल्या तीन वर्षांची हुकलेली कोटेशनं काढ आणि त्यातली किती फेडरल पैशाची होती ते वेगळं कर. दहात दोन असतील तर शेड घेऊ नका, गावांच्या स्वतःच्या पैशातल्या कामांच्या मागे लागा. दहात सात असतील तर केसिंग तिकडे जाईल, त्याला इलाज नाही. आणि सोमवारी पॅटर्नशॉपच्या फोरमनला मीटिंगला बसव. केसिंग गेलं तर पहिला फटका त्याच्या माणसांना आहे, त्यांना ते सगळ्यात शेवटी कळू नये. आमच्याकडे तसं झालं होतं.