मदत हवी आहे: वाळीत टाकलेल्या कुटुंबाकडून पंचांनी स्टॅम्प पेपर लिहून घेतलाय, तरी तक्रार करता येते का? (सांगली)

येरळाकाठ:
तासगाव तालुक्यातल्या एका कुटुंबासाठी विचारतोय. मुलीने दीड वर्षापूर्वी जातीबाहेर लग्न केलं. जातपंचायतीने घर वाळीत टाकलं: लग्नाचं आवतण बंद, मयतीला कुणी यायचं नाही, समाजमंदिर मिळणार नाही. मग दंड घेतला आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर वडिलांची सही घेतली की पंचांचा निर्णय मान्य आहे, पोलिसांत किंवा कोर्टात जाणार नाही. कागद नोटरी केलेला आहे. दंड भरूनही बहिष्कार सुरूच आहे. त्या सहीने तक्रारीचा हक्क गेला का? ठाण्यात तोंडी सांगितलं तर 'आपसात मिटवा' म्हणाले.

मिरज_वकिली:
अजिबात गेला नाही. मूलभूत हक्क सही करून सोडून देता येत नाहीत. १९५९ च्या बशेशर नाथ खटल्यात राज्यघटनेच्या कलम १४ (समानतेचा हक्क) बाबत सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवलं. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात तर मुंबईच्या फुटपाथवासीयांनी, तिथे राहण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, असं खुद्द उच्च न्यायालयात कबूल केलं होतं. ती कबुलीही सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध वापरू दिली नाही. मग पंचांपुढच्या कागदाची काय कथा? शिवाय कोर्टाची वाट पूर्ण बंद करणारा करार, करार कायद्याच्या कलम २८ नुसार रद्दबातल असतो. नोटरीने फक्त सही कुणाची ते प्रमाणित होतं, मजकूर कायदेशीर होत नाही.

कागद कृपा करून फाडू नका. पंच बसले, निर्णय दिला, दबाव आणला, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलंय!

मात्र तक्रारीत नुसतं 'कलम २१ चा भंग' लिहून भागणार नाही, आणि इथेच बहुतेक अर्ज फसतात. राज्यघटनेचं कलम २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) मुख्यतः सरकारला बांधतं, पंच खासगी माणसं आहेत. त्यांना धरणारा कायदा म्हणजे महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे नोंदवून घेणं ठाण्याचं काम आहे. दंड धमकावून उकळला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ (खंडणी) आणि ३५१ (धमकी) हेही अर्जात मागा.

कृष्णामाई:
तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. 'आम्हाला वाळीत टाकलं' या एका वाक्यावर तपास उभा राहत नाही. बैठक कुठे, कोणत्या तारखेला, कोण हजर, कोण काय बोललं, नंतर कोणत्या कार्यक्रमाला कुणी अडवलं, दंड किती आणि कुणाच्या हातात दिला, हे तारीखवार लिहा.

शिक्षा तीन वर्षांची असल्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३(३) खाली पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौकशी करू शकतात, पण ती १४ दिवसांत संपवावी लागते. तेवढे दिवस थांबायला हरकत नाही. नोंद करायलाच नकार दिला तर १७३(४) प्रमाणे जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली तासगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. अधीक्षकांकडच्या अर्जाची प्रत आणि पोस्टाची पावती जोडली नाही तर अर्ज तिथेच अडकतो.

आईने किंवा मुलीने अर्ज केला तर उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. तासगाव न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे विचारा, किंवा १५१०० ला फोन करा.

येरळाकाठ:
खूप आभार. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'यांच्याशी संबंध ठेवू नका' असा मेसेज आहे, त्याचा स्क्रीनशॉट पुरेल का? आणि गुन्हा जामीनपात्र आहे असं ऐकलं. पंच लगेच सुटून आले तर?

मिरज_वकिली:
नुसता स्क्रीनशॉट कमी पडतो. ज्या फोनवर मेसेज आलाय तो फोन जपा, फॉरमॅट करू नका, ग्रुप सोडू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. न्यायालयात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोनवाल्याचा आणि एक तज्ज्ञाचा.

हो, गुन्हा जामीनपात्र आहे आणि ही या कायद्याची कमजोरीच आहे. म्हणून तक्रारीबरोबरच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली पंचांकडून शांततेचं बंधपत्र (शांतता राखण्याची लेखी हमी) घेण्याची मागणी करा. ते काम कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचं आहे.

कृष्णामाई:
थेट उच्च न्यायालयात रिट अर्ज (मूलभूत हक्कांसाठीची याचिका) करायची घाई नको. ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबई गाठायला नको हे खरं. पण गुन्हा नोंदवला नाही एवढ्यावर गेलात तर आधी दंडाधिकाऱ्यांकडे जा असंच बहुधा सांगतील.

मुदतीचंही बघा. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला तीन वर्षांची मर्यादा आहे. बहिष्कार अजून चालू आहे हे अर्जात स्पष्ट लिहा आणि अगदी अलीकडचा प्रसंग तारखेसह द्या.